घरचा सर्व्हर घरातच अडकला

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पुरवणीत मधूनमधून ब्रॉडबँड प्लॅनचा तक्ता येतो, स्पीड किती, ओटीटी कुठले फुकट, महिन्याचे पैसे किती वगैरे. तो कापून ठेवणाऱ्यांतला मी एक, म्हणून जरा हक्काने लिहितोय. त्या तक्त्यात एक गोष्ट कधीच नसते, ती म्हणजे बाहेरून आपल्या घरच्या कॉम्प्युटरपर्यंत पोचता येतं की नाही, आणि तिच्यापायी माझे तीन रविवार गेले.

झालं असं की मामाचं लग्न, माझी मुंज, आजोबांची भजनं अशा सगळ्या कॅसेटी माळ्यावर पडून होत्या आणि यंदा बघितलं तर दोन-तीन व्हीएचएसच्या फितीवर पांढरी बुरशी दिसायला लागलेली. मग घाईने कॉम्प्युटरवर घ्यायला बसलो, त्यात शॉर्टकट काही नाही, तीन तासांची कॅसेट तीन तास चालवावीच लागते. ते आणि फोनमधले इतक्या वर्षांचे फोटो-व्हिडिओ धरून दीड टीबी झालं. गुगल फोटोजवरचं अमर्याद फुकट प्रकरण १ जून २०२१ ला संपलं, आता मेल-बिल सगळं धरून १५ जीबी, म्हणजे एवढा माल तिकडे ठेवायचा तर जन्मभर भाडं भरा. म्हटलं आपलंच दुकान टाकू.

ऑफिसातून मोडीत निघालेला आय-फाइव्ह डेस्कटॉप घेतला, त्यात ४ टीबीची डिस्क, वर लिनक्स आणि जेलीफिन, म्हणजे आपल्या डिस्कवरचे व्हिडिओ टीव्ही-फोनवर दाखवणारा मीडिया सर्व्हर. एम्बी नावाच्या तसल्याच प्रोग्रॅमने आपला कोड लोकांपासून झाकून घेतला तेव्हा, २०१८ च्या डिसेंबरात, काही लोकांनी जुना खुला कोड घेऊन वेगळी चूल मांडली, ते हे जेलीफिन. पूर्ण फुकट. संध्याकाळपर्यंत घरच्या टीव्हीवर सगळं दिसायला लागलं. फक्त एक घोळ केला, फोल्डर टाकताना प्रकार ‘मूव्हीज’ ठेवला, त्यामुळे जेलीफिनने स्वतःच्या हुशारीने नावं जुळवली आणि मामाच्या लग्नाला कुठल्यातरी परदेशी सिनेमाचं पोस्टर लावून टाकलं. आई म्हणते, ‘ही बंदूकवाली बाई कोण आपल्या मांडवात?’ घरगुती व्हिडिओचा वेगळा प्रकार निवडला की हे होत नाही. विजेचं म्हणाल तर २० वॅट धरले तर महिन्याला १४-१५ युनिट.

(मीडिया सर्व्हर म्हटलं की शेजारच्यांना पायरेटेड सिनेमे आठवतात, तसलं काही नाहीये, सगळा माल घरचा.)

खरी गोम पुढे आहे. ताई जर्मनीत असते, तिला तिकडून बघता यायला हवं. राउटरमध्ये जेलीफिनचा पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचं दार, उघडला, ८०९६ नंबरचा, काही होईना. दोन रविवार राउटरलाच शिव्या घातल्या. मग राउटरच्या पानावर बाहेरचा आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा आपला पत्ता, बघितला तर १००.७२ ने सुरू होणारा. १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा इंटरनेट कंपन्यांनी आतल्या आत वापरायचा, हे २०१२ मध्येच ठरलंय. जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते जेमतेम ४३० कोटी, त्यांचे शेवटचे गठ्ठे २०११ मध्येच वाटून झाले, म्हणून कंपनी शेकडो गिऱ्हाइकांना एकाच पत्त्यावर बसवते. यालाच सीजीनॅट म्हणतात. चाळीला एकच दारावरचा नंबर आणि खोल्यांना नंबरच नाहीत असं समजा, तुम्ही बाहेर जाऊ शकता पण तुमच्याकडे कुणी येऊ शकत नाही.

कस्टमर केअरला फोन केला. ‘सर नेट चालू आहे ना तुमचं?’ म्हटलं चालू आहे, पण मला पब्लिक आयपी, म्हणजे बाहेरून गाठता येणारा माझा स्वतःचा पत्ता, पाहिजे. ‘सर स्पीड चेक करून सांगता का?’ असं चौघांकडे फिरून शेवटी कळलं की स्टॅटिक आयपी, म्हणजे कायमचा ठरलेला पब्लिक पत्ता, मिळेल, पण वेगळे पैसे भरून. बरं, आयपीव्ही-सिक्स, म्हणजे नव्या पद्धतीचे पत्ते, चालू असतं तरी काम झालं असतं, तिथे पत्त्यांचा तुटवडाच नाही. ते आमच्या भागात ‘लवकरच’ येणार आहे.

सध्या टेलस्केल नावाचा, दूरची मशीनं खाजगीत एकमेकांना जोडणारा प्रोग्रॅम लावून भागवतोय. त्यात माझं मशीन आणि ताईचा टीव्ही दोघंही आपण होऊन बाहेर पडून एकमेकांना गाठतात, मग पोर्ट उघडायची गरजच नाही, आणि खरं तर तेच बरं, जेलीफिन उघडं इंटरनेटवर ठेवू नये असंच माझं आता मत झालंय. पण थेट जोडणी जमली नाही की सगळं टेलस्केलच्या रिलेवरून, म्हणजे मधल्या सर्व्हरवरून, जातं आणि मग व्हिडिओ गोल गोल फिरत बसतो. परवा मंगलाष्टकं ‘शुभमंगल’ला येऊन अडकली ती अडकलीच.

पैसे घ्यायचे तर घ्या हो, माझं म्हणणं एवढंच की कनेक्शन घ्यायच्या आधी कळू दे. स्पीडचा आकडा एवढा मोठा छापतात, पण अपलोडचा वेगळा सांगत नाहीत, आणि माझ्याकडून ताईला व्हिडिओ जातो तो अपलोडवरच. तेव्हा पुढच्या वेळी तक्ता कराल तेव्हा तीन रकाने वाढवा: अपलोड किती, पब्लिक आयपी मिळतो का आणि आयपीव्ही-सिक्स चालू आहे का. जागा कमी पडत असेल तर फुकट ओटीटीचा रकाना काढला तरी चालेल.

आपला,
एक जुना वाचक, पुणे