काकूंचं स्वयंपाकघर पाडायच्या आधी

कोल्हापूर,
डिसेंबरचा पहिला आठवडा

प्रिय मित्रा,

तू पाठवलेला स्वयंपाकघराचा नकाशा नीट बघितला. पांढरी शटरं, वर पीओपीचं छत, मोरी काढून तिथं उंच कपाट, फडताळ बुजवून भिंत सपाट आणि परसदाराच्या जागी फ्रीज. चित्र देखणं आहे. पण त्यात तुझी आई, आमच्या काकू, कुठंच दिसत नाहीत. म्हणून सविस्तर लिहायला बसलो. फोनवर आपण दोघंही घाईत असतो आणि ही घाईत ठरवायची गोष्ट नव्हे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. त्या घरात वर्षभर काय काय शिजतं, कोण शिजवतं, कुठलं काम उभ्यानं होतं आणि कुठलं बसून, हे आधी बघायचं आणि मगच गवंड्याला हाक मारायची. आमच्या मंगळवार पेठेतल्या घरात आम्ही तसंच केलं आणि आई आज त्या ओट्यापाशी सुखानं उभी राहते. काकूंनाही ते सुख मिळावं असं मला मनापासून वाटतं. त्यांच्या हातचं मी तुझ्याइतकंच खाल्लंय.

आता वर्षाच्या चटणीचंच बघ. मार्च लागला की काकू लक्ष्मीपुरीतून मिरच्या आणतात, रंगाला ब्याडगी आणि तिखटाला संकेश्वरी. देठ खुडायला शेजारणी येतात. मग खोबरं, तीळ, खसखस, धणे, जिरे, सगळं वेगवेगळं भाजायचं, कारण प्रत्येकाची आच वेगळी. तीळ तडतडले की लगेच उतरायचे, खोबरं तांबूस होईस्तोवर हलवत राहायचं. कांदा तर तेलात पार कुरकुरीत झाला पाहिजे. त्यात जरा ओल राहिली की पावसाळ्यात चटणीला बुरशी आलीच. हे सगळं डंकावर, म्हणजे मसाला कुटायच्या गिरणीत, जायच्या आधी घरात दोन दिवस भट्टी पेटल्यासारखी असते. मिरची तव्यावर पडली की जो ठसका उठतो, तो कितीही ओढीची चिमणी बसवली तरी तिच्यानं आवरत नाही. त्याला परसदारच उघडं लागतं आणि बाहेर शेगडी मांडायला चार हात जागा लागते. तुझ्या नकाशात नेमकं ते दार बंद झालंय. फ्रीज दुसरीकडं ढकल बाबा, दार राहू दे.

फडताळाचंही तेच. चटणीच्या चिनी मातीच्या बरण्या, हिंगाचे खडे घालून दडपलेल्या, वर्षभर त्यातच असतात. दोन फुटी जाड आतल्या भिंतीतलं ते फडताळ उन्हाळ्यातही गार असतं, उजेड येत नाही, ओल येत नाही. चटणीचा लाल रंग टिकतो तो त्यामुळं. प्लायच्या कपाटात शेगडीच्या वर बरणी ठेवलीस तर रोजची वाफ लागून दिवाळीपर्यंत चटणी काळी पडेल. फडताळाला आतून चुना काढून घे, नवं दार लाव, हवं तर काचेचं लाव. बुजवू मात्र नकोस.

मोरी तर काकूंच्या कामाचा अर्धा भाग आहे. रविवारचं मटण धुणं, मोठी पातेली घासणं, पालेभाजी निवडून धुणं हे त्या पाटावर बसून करतात. गुडघे दुखत असले तरी बसूनच करतात, कारण पाण्यानं भरलेलं जड पातेलं उभ्यानं सिंकमध्ये उचलायला मनगटावर जोर येतो. मी त्यांना विचारलं. म्हणाल्या, "मोरी राहू दे, फक्त एक धरायला दांडी लावा, उठताना बरं पडेल." एवढंच. स्टीलची दांडी, जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर, भिंतीत घट्ट रोवलेली. सोबत सिंकही कर, पण खोल कर, 24 बाय 18 इंची आणि 10 इंच खोल, म्हणजे पातेलं आडवं बसेल.

आता ओटा. यावर जरा जास्त लिहितो, कारण सगळं घर यावर उभं असतं. आमच्याकडं काम काढलं तेव्हा मी आईला भिंतीला टेकून उभं केलं, हात कोपरातून वाकवायला सांगितला आणि टेप लावला. कोपर भरलं जमिनीपासून 38 इंचांवर. काम करायची जागा कोपराच्या चार-पाच इंच खाली असली की खांदे उचलावे लागत नाहीत. शेगडीवर पातेलं चढलं की उंची आणखी वाढते, म्हणून शेगडीची बाजू अजून खाली हवी. आमचा ओटा 33 इंचांचा आणि शेगडीपाशी 29. गवंडी म्हणत होता, सगळीकडं एकच लेव्हल असते, पायरी कशाला? आता तोच नव्या गिऱ्हाइकांना आमचा ओटा दाखवायला घेऊन येतो. भाकरी थापताना काकूंच्या खांद्याकडं कधी बघितलंयस? आत्ताचा ओटा त्यांना उंच पडतो. दर थापेला उजवा खांदा कानापर्यंत जातो. तुझ्या डिझायनरनं तोच ओटा आणखी दोन इंच उंच धरलाय.

शेगडीचं मापही बघ. नकाशात चार बर्नरचा 60 सेंटिमीटरचा हॉब, म्हणजे ओट्यात बसवायची शेगडी, आहे. चहा-पोह्यांना तो पुरेल. पण रविवारी तुमच्याकडं पंधरा माणसं जेवतात तेव्हा काय? मटण शिजवून अळणी, म्हणजे त्याचं बिनमसाल्याचं पाणी, काढली की त्यातलीच थोडी तांबड्या रश्श्याला, थोडी पांढऱ्याला. पांढऱ्याला खसखस, काजू आणि पांढऱ्या तिळाचं वाटण, वरून लवंग-मिऱ्याची फोडणी आणि शेवटी नारळाचं दूध. दूध पडल्यावर आच अगदी मंद ठेवून डाव फिरवत राहायचं. खळखळ उकळी फुटली की दूध फाटलं, मग रश्श्यावर बारीक कण तरंगतात आणि ते काही केल्या मिळून येत नाहीत. त्याच वेळी शेजारी तांबड्याला कट सुटत असतो. म्हणजे दोन मोठी पातेली एकाच वेळी, शेजारी शेजारी, एकाखाली मंद आच आणि दुसऱ्याखाली मोठी. त्या हॉबवर ती एकमेकांना धडकतील. आपली रुंद तीन बर्नरची शेगडी बरी, आणि दोन्ही बाजूंना दीड-दीड फूट मोकळा दगड, उतरलेलं पातेलं टेकवायला.

दगड ग्रॅनाइटच घे. कडप्पा स्वस्त पडतो, दिसतोही छान, पण तो चुनखडीचा दगड. लिंबू, चिंच, दही सांडलं की तिथं पांढरट डाग पडतो आणि तो जात नाही. ग्रॅनाइटला आंबटाचं काही होत नाही. कडप्पा ओट्याखाली उभ्या फळ्यांना वापर, तिथं तो उत्तम.

आणि ओट्याखाली लाकूड नकोच. 2019 ला आणि परत 2021 ला तुमच्या स्वयंपाकघरात पाणी शिरलं होतं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांवर गेली की इशारा आणि 43 ला धोका, हे आकडे तुमच्या उत्तरेश्वर पेठेत पोराटोरांना पाठ आहेत. डिझायनर बाहेरगावचा, त्याला हे कोण सांगणार? भुसा दाबून केलेल्या फळ्यांची कपाटं एकदा पाण्यात बसली की फुगतात, त्यांचे स्क्रू सुटतात आणि वास राहतो तो राहतोच. खाली कडप्प्याचे कप्पे आणि स्टीलच्या जाळीच्या ट्रॉल्या कर. पूर ओसरला की चिखल धुऊन टाकायचा, उन्हात वाळवायच्या, संपलं. वरच्या कपाटांना प्लाय घेशील तर फळीवर आयएस 710 चा, म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायचा, शिक्का बघून घे. विजेचे सगळे पॉइंट पुराच्या खुणेच्या वर. ती खूण दाराच्या चौकटीवर अजून दिसते, काकूंनी मुद्दाम पुसलेली नाही.

भिंतींचं काम मात्र उद्यापासून सुरू केलंस तरी चालेल. दक्षिणेकडच्या भिंतीला लोणा धरलाय. पांढऱ्या मातीची भिंत वरून कोरडी दिसली तरी आत ओल असते, ती वर चढते, चढताना क्षार घेऊन येते. पाणी हवेत उडून जातं, क्षार भिंतीवर फुलतात आणि पोपडे सुटतात. त्यावर सिमेंटचा गिलावा किंवा टाइल्स मारल्या की ओल कोंडते आणि टाइल्सच्या वरच्या कडेला नवा पट्टा उमटतो. आत्ता थंडीत खालचा चार फूट सैल गिलावा खरवडून भिंत उघडी ठेवायची, फेब्रुवारीपर्यंत वाळू द्यायची आणि मग चुन्याचा गिलावा. चुन्यातनं भिंत श्वास घेते. चुन्याचं काम जाणणारे गवंडी कमी राहिलेत, पण एकाशी मी बोलून ठेवलंय.

पीओपीच्या छताबद्दल एकच सांगतो. देवघरावरच्या तुळईला जो लोखंडी हुक आहे त्याला नवरात्रात काकू फुलोरा बांधतात. रवा-मैद्याच्या त्या पातळ कडाकण्या, गुळाच्या पाण्यात भिजवलेल्या, लाटून तळलेल्या, देवीवर टांगलेल्या. दसऱ्यानंतर त्या खायला आपण किती भांडायचो! छत खाली आणलंस तर हुक त्यात गडप होईल. तुळया उघड्याच ठेव, तेलपाणी कर, खोली उंच आणि हवेशीर राहील.

आता ओव्हन. तुझ्या नकाशातली ही एक गोष्ट मला फार फार आवडली. तुझी लेक सुट्टीत येऊन आजीबरोबर केक करते, काकू ते सगळ्या गल्लीला सांगतात. त्या दोघींसाठी चांगली जागा झालीच पाहिजे. पण ओव्हन ओट्याखाली नको. वाकून गरम ट्रे काढायचा म्हणजे काकूंच्या हाताला चटका ठरलेला. छातीच्या उंचीवर मांडणी कर, चारी बाजूंनी चार बोटं मोकळी, आणि शेजारी लगेच ट्रे टेकवायला दगड. 2000 वॉटचा ओव्हन म्हणजे जवळजवळ नऊ अँपिअर. तो सहा अँपिअरच्या साध्या प्लगवर लावला की प्लग तापून वितळतो. 16 अँपिअरचा पॉइंट, बोर्डापासून वेगळी तांब्याची वायर, चांगलं अर्थिंग आणि आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच तोडणारा स्विच, यात पैसे वाचवू नकोस.

आणि लेकीला सांग, आजीबरोबर गुळाचा केक करून बघ. गुऱ्हाळं सुरू झालीत, नवा गूळ आलाय. आपल्या कोल्हापुरी गुळाला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण बाजारात लोक अजून पिवळाधमक गूळच मागतात. केकला गडद तांबूस घे. त्याला कॅरॅमलसारखा खमंग वास असतो, आणि गूळ ओलावा धरून ठेवतो म्हणून केक तिसऱ्या दिवशीही मऊ राहतो. पाऊण वाटी किसलेला गूळ एक वाटी दह्यात विरघळवायचा आणि गाळून घ्यायचा, गुळात कचरा निघतोच. त्यात अर्धी वाटी तेल. दीड वाटी कणीक, एक चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा सोडा हे तीनदा चाळायचं. दोन्ही एकत्र केलं की फेटत बसायचं नाही, जेमतेम मिसळलं की लगेच डब्यात आणि डबा तापलेल्या ओव्हनमध्ये. दही आणि गुळाच्या आंबटपणानं सोडा तत्क्षणी फुलायला लागतो. मिश्रण बाहेर राहिलं तर सगळी हवा निघून जाते आणि केक बसतो. 180 अंशांवर 35 ते 40 मिनिटं. खपली गव्हाची कणीक मिळाली तर चव अजून खुलते, फक्त केक थोडा भुसभुशीत होतो.

मग नानकटाई. मे महिन्यात मैदा, पिठीसाखर आणि तूप घेऊन आपण बेकरीत नंबर लावायचो आणि पत्र्याचा डबा भरून घरी आणायचो, ती चव घरी आणायला मला बरंच झगडावं लागलं. बेकरीच्या भट्टीत विटा तापलेल्या असतात, ऊब सगळीकडून सारखी लागते. घरच्या ओव्हनमध्ये मागची रांग आधी तांबूस होते, म्हणून अर्ध्या वेळेला ट्रे फिरवायचा. आणि बाहेर काढल्यावर हात लावायचा नाही. गरम असते तेव्हा ती मऊच लागते, गार होताना खुसखुशीत होते. लेकीला धीर धरायला सांग.

खर्चाचं म्हणशील तर तुझ्या नकाशापेक्षा हे कमीच होईल. शटरं, छत आणि हॉबचे पैसे वाचतात, ते दगडात आणि वायरिंगमध्ये जातात. मार्च लागायच्या आत सगळं उरकलं पाहिजे, म्हणजे मिरच्या येतील तेव्हा काकू नव्या ओट्यापाशी उभ्या असतील.

एक राहिलंच. मी विचारलं तेव्हा काकूंनी दांडीशिवाय आणखी एकच गोष्ट मागितली. ओट्यासमोर गल्लीकडं उघडणारी खिडकी, भाजी चिरताना कोण आलं-गेलं दिसायला. तुझ्या नकाशात तिथं चिमणीची नळी आहे. नळी परसाकडं वळवता येते, मी फॅब्रिकेटरला विचारून घेतलंय. डिझायनरला आगाऊ देऊ नकोस. पुढच्या शनिवारी ये. रविवारी मटण मी आणतो, काकूंना स्वयंपाक करू दे आणि आपण दोघं बाजूला बसून फक्त बघू, त्या कुठं वाकतात, कुठं हात पोचत नाही, काय कुठून उचलतात. दुपारी गवंड्याला बोलवू.

काकूंना नमस्कार मी रोजच करतो, वहिनींना सांग आणि लेकीला खूप आशीर्वाद.

तुझाच

ता. क. येताना लेकीचा सात इंची गोल डबा घेऊन ये. आमच्याकडचा नऊ इंची आहे, त्यात वर लिहिलेल्या मापाचा केक चपटा होतो.