करार झाला, पण विभागाची पुस्तिका जुनीच राहिली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तासिका तत्त्वावरच्या, म्हणजे घेतलेल्या तासांपुरतंच मानधन मिळणाऱ्या सीएचबीवरच्या, प्राध्यापकांच्या मागण्यांच्या बातम्या मी आपल्या ई-पेपरवर नेमाने वाचते. मी मूळची बार्शीची. २००९ ते २०१३ अशी चार वर्षं सोलापूर जिल्ह्यातल्या एका अनुदानित महाविद्यालयात इतिहास शिकवला, तो सीएचबीवरच. आता अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका सरकारी विद्यापीठात शिकवते. इथेही मी कायम नाही, मुदतीवरच आहे. पण इथे आमची संघटना विद्यापीठाशी वाटाघाटी करून लेखी करार करते आणि तो दोन्ही बाजूंना कायद्याने बांधून ठेवतो. पगार, रजा, तासिका, फेरनेमणूक, सगळं त्यात असतं.

या दोन्ही ठिकाणी मला एकच अनुभव आला, तो सांगण्यासाठी हे पत्र. हक्क वर कितीही मोठ्या सहीने मंजूर झालेला असो, विभागाच्या कपाटातला कागद बदलला नाही तर तो शिकवणाऱ्या माणसापर्यंत पोचत नाही.

२०१२ च्या दिवाळीनंतर मला पाचवा महिना होता. मी विभागप्रमुखांना विचारलं, "सर, बाळंतपणाच्या सुट्टीचं कसं करायचं?" सर माणूस म्हणून चांगले होते, माझ्याशी कधी वाकडं बोलले नाहीत. त्यांनी खणातून एक मळकी फाइल काढली, दोन-तीन पानं उलटली आणि म्हणाले, "सीएचबीला रजा असं यात काही नाही बघा, मॅडम. तुम्ही आला नाहीत तर तासिका दुसऱ्याला द्याव्या लागतील." जानेवारीत माझ्या नऊच्या नऊ तासिका एका नव्या मुलाला गेल्या. स्टाफरूमच्या भिंतीवरच्या वेळापत्रकात माझ्या नावावर कागदाची पट्टी चिकटवली होती आणि उजेडात खालचं नाव वाचता येत होतं. मातृत्व लाभ कायदा १९६१ पासून होता. तो मला लागू होतो का, हे विचारावं असंसुद्धा तेव्हा मला सुचलं नाही. फाइलमध्ये नाही म्हणजे नाही, असंच मी धरून चालले. सरांनीही तेच धरलं.

त्याच सुमारास, २०१३ च्या फेब्रुवारीपासून मेपर्यंत, राज्यातल्या प्राध्यापकांनी परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकला होता. माझी मुलगी मार्चमधली. मी घरी तिला मांडीवर घेऊन बातम्या बघायचे. त्या काळातल्या ७१ दिवसांच्या पगाराचा वाद पुढे कितीतरी वर्षं चालला. आंदोलन करणाऱ्यांबद्दल मला तेव्हाही आदर होता, आजही आहे. पण आमच्या विभागाच्या फाइलीला मात्र त्या आंदोलनाचा स्पर्शही झाला नाही.

आता इकडचं सांगते. २२ जानेवारी २०२४ ला कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीच्या २३ परिसरांतले प्राध्यापक संपावर गेले. संप आठवडाभराचा ठरला होता, पण पहिल्याच दिवशी समझोता झाला. पगारवाढ मिळाली आणि मूल झाल्यावरची भरपगारी रजा ६ आठवड्यांवरून १० आठवड्यांवर गेली. आमचं विद्यापीठ वेगळं आणि आमचा करारही वेगळा, पण त्यातही ही रजा वाढली. करारावर मतदान झालं त्या संध्याकाळी आम्ही विभागातल्या सगळ्याजणींनी एकत्र जेवण केलं. मी मसालेभात नेला होता.

पुढच्याच सत्रात आमच्या एका तरुण सहकारी बाईला मुलगा झाला. तिने रजेबद्दल विभागाच्या कार्यालयात विचारलं. तिथल्या बाईंनी नेहमीप्रमाणे विभागाची नियमांची पुस्तिका उघडली आणि त्यात होते तेवढे, म्हणजे जुने, आठवडे तिला सांगितले. त्यात कार्यालयातल्या बाईंची काही चूक नव्हती, त्यांच्या हातात तीच पुस्तिका होती. ही मुलगी ओली बाळंतीण असताना वर्गात परत आली. दोन तासांच्या मधल्या वेळेत गाडीत बसून दूध काढायची. ही गोष्ट आम्हाला कळली ती दोन महिन्यांनी, दुसऱ्याच कुठल्याशा विषयाच्या बैठकीत. संघटनेने तक्रार केली, तिला पैसे मिळाले. ते आठवडे परत कसे मिळणार? तिचं ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर भिंतीवरची ती कागदाची पट्टी आली. घरी येऊन मी मुलीला जवळ घेऊन बराच वेळ बसले. ती आता माझ्या खांद्याला लागते.

कायदेशीर बाजू विचाराल तर करार आणि विभागाचा नियम यांत विरोध असेल तेव्हा करारच वरचढ. म्हणूनच अनेक प्राध्यापक म्हणतात, पुस्तिका कशाला बदलत बसायची? पण करार वरचढ ठरायला आधी कुणीतरी तक्रार नोंदवावी लागते. तिला ठरावीक दिवसांची मुदत असते आणि मुदत संपली की हक्क कागदावरच राहतो. शिवाय तक्रार करायची तर आपलं काही हिरावलं गेलंय हे आधी कळायला हवं. शेकडो पानांचा करार कोण वाचतं? माणूस विभागाच्या कार्यालयात जाऊन विचारतो आणि तिथे पुस्तिकाच उघडली जाते.

म्हणून आम्ही पाचजणांनी ती पुस्तिका ओळीओळीने करारासमोर ठेवायची ठरवली. दर शुक्रवारी दुपारी दोन तास बसायचो. कागदावर तीन रकाने आखले: डावीकडे विभागाचं जुनं वाक्य, मध्ये करारातलं कलम, उजवीकडे आम्ही सुचवलेलं नवं वाक्य. रजेचं वाक्य दहा मिनिटांत झालं. सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो 'शक्यतो' या शब्दाने. 'पुढच्या सत्राच्या तासिका शक्यतो अमुक तारखेपर्यंत कळवाव्यात', 'जुन्या शिक्षकाला शक्यतो प्राधान्य द्यावं', असा तो पानोपानी पेरलेला होता. करारात मात्र तिथे सरळ 'कळवलं पाहिजे', 'दिलं पाहिजे' असं होतं. आमच्या विभागप्रमुख बाईंचं म्हणणं होतं की ऐन वेळी कुणी आजारी पडलं, एखादा वर्ग भरला नाही, तर त्यांना हात मोकळे हवेत. त्यांची अडचण खोटी नव्हती. तीन शुक्रवार त्यावर गेले. शेवटी ठरलं की अडचणीचे प्रसंग नावानिशी लिहायचे आणि बाकी सगळीकडून 'शक्यतो' काढायचा. सतरा ठिकाणी तो खोडला. मला त्या सतरा खोडांचा अभिमान आहे.

हे करताना आणखी एक गोष्ट उघड झाली. विभागाच्या नियमांवर मत द्यायचा अधिकार फक्त कायम प्राध्यापकांना होता. म्हणजे मुदतीवरच्या आम्ही सगळ्यांनी नियम लिहायचे आणि मत द्यायच्या वेळी खोलीबाहेर थांबायचं. तेही बदलून घेतलं, पण त्यासाठी वेगळं भांडावं लागलं.

अमेरिकेत सगळं आलबेल आहे असा समज कृपया कुणी करून घेऊ नये. खासगी विद्यापीठातले पूर्णवेळ प्राध्यापक हे एक प्रकारे व्यवस्थापनाचाच भाग आहेत, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये येशिवा विद्यापीठाच्या खटल्यात ठरवलं आणि अनेकांचा सामूहिक कराराचा मार्गच अडला. नॉर्थ कॅरोलायना राज्यात तर सरकारी कर्मचाऱ्यांशी असा करार करायलाच १९५९ पासून कायद्याने बंदी आहे.

आपल्याकडेही ही वाट अरुंदच राहिली. गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या खटल्यात १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की औद्योगिक विवाद कायद्याच्या व्याख्येत शिक्षक 'कामगार' म्हणून बसत नाही. त्यामुळे कारखान्यातली युनियन मालकाशी जसा बांधील करार करते, तसा प्राध्यापकांच्या संघटनांना त्या कायद्याखाली करता आला नाही. त्यांच्या हाती राहिलं ते निवेदन, धरणं, बहिष्कार आणि शेवटी शासन निर्णय. करार नसताना तर खालचा कागद जास्तच महत्त्वाचा ठरतो, कारण तक्रार घेऊन जायला दुसरं दार नसतं.

वरचे नियम तर चांगलेच आहेत. १८ जुलै २०१८ च्या यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) विनियमांत साफ लिहिलंय की कंत्राटी शिक्षक अगदी गरज असेल तरच नेमावेत, एकूण पदांच्या १० टक्क्यांहून जास्त असू नयेत आणि त्यांचं वेतन नियमित सहायक प्राध्यापकाच्या मासिक वेतनाहून कमी असू नये. अतिथी अध्यापकांसाठी यूजीसीने जानेवारी २०१९ मध्ये व्याख्यानाला १,५०० रुपये आणि महिन्याला कमाल ५०,००० रुपये असा दर दिला. ऑगस्ट २०२३ मध्ये दिल्लीतल्या एका कंत्राटी महिला डॉक्टरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की कंत्राटाची मुदत संपली तरी मातृत्वाचा लाभ पूर्ण मिळाला पाहिजे. आता यातली किती वाक्यं तुमच्या-माझ्या गावच्या महाविद्यालयात, विभागप्रमुखांच्या खणातल्या फाइलीत उतरली आहेत?

माझी एक मैत्रीण अजून तिथेच सीएचबीवर आहे, तेरावं वर्ष. मागच्या महिन्यात मी तिला म्हटलं, "तुला यंदा लेखी काय दिलंय ते पाठव बरं." तिने वेळापत्रकाचा फोटो पाठवला. तेवढंच होतं तिच्याकडे.

प्राध्यापकांच्या संघटनांना माझी हात जोडून विनंती आहे. पुढच्या वेळी शासनाशी बोलाल तेव्हा दरासोबत एक ओळ जास्तीची मागा: अमुक तारखेच्या आत प्रत्येक महाविद्यालयाने आणि विभागाने आपले लेखी नियम या निर्णयाप्रमाणे बदलावेत आणि त्याची प्रत प्रत्येक शिक्षकाला, सीएचबीवरच्यालाही, सही घेऊन द्यावी. जूनमध्ये रुजू होताना हातात एक पान असावं. त्यावर तासिका किती, दर किती, मानधन कोणत्या महिन्यात मिळणार, पेपर तपासणी आणि पर्यवेक्षण यांचे पैसे वेगळे की त्यातच, आजारपणात आणि बाळंतपणात काय, एवढं लिहिलेलं असलं तरी पुष्कळ झालं.

हे पान मांडायला जागाही आहे. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने प्रत्येक महाविद्यालयात महाविद्यालय विकास समिती आहे आणि तिने वर्षातून किमान चारदा बसायचं आहे. तिच्यावर तीन शिक्षक निवडून जातात, त्यांत किमान एक महिला. पण त्यांना निवडतात पूर्णवेळ शिक्षक. सीएचबीवाल्यांना तिथे मत नाही, जसं आम्हाला इथे नव्हतं. म्हणून निवडून आलेल्या त्या तिघांवर जबाबदारी जास्त येते. ज्यांचं मत तुम्हाला लागत नाही त्यांचा कागद तुम्ही टेबलावर ठेवा, एवढं मी त्यांना सांगेन.

तीन रकान्यांचा आमचा तक्ता मी मराठीत तयार करून ठेवला आहे. मधल्या रकान्यात यूजीसीची कलमं घातली आहेत. डावा आणि उजवा रकाना मोकळा आहे, तो ज्याने त्याने आपल्या विभागाची फाइल समोर ठेवून भरायचा. कुणाला हवा असल्यास आपल्या कार्यालयामार्फत कळवावं, मी लगेच पाठवीन.

आपली,
एक प्राध्यापिका
(मूळ गाव बार्शी, जि. सोलापूर)