स्क्रूही इतिहासाचा भाग आहे

महोदय,

विजेचे सामान बनवणाऱ्या कौटुंबिक कंपन्यांवरील आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. किमतराय गुप्ता यांनी 1971मध्ये हॅवेल्सचे नाव विकत घेतले, 2007मध्ये अँकर जपानी कंपनीकडे गेली, अशा व्यवहारांनीच अशा कंपन्यांचा इतिहास भरून जातो. माल कसा घडला, हे मात्र राहूनच जाते. आम्हा गोंयकारांना तेच अधिक कामाचे.

सॉकेटच्या पांढऱ्याशुभ्र झाकणाला फार महत्त्व नसते. आतली पितळी पट्टी प्लगची पिन किती घट्ट धरते आणि टर्मिनलचा, म्हणजे वायर जोडतात त्या जागेचा, स्क्रू कशाचा आहे, यावर सगळे ठरते. मुलामा दिलेला लोखंडी स्क्रू वास्को-कळंगुटच्या खाऱ्या हवेत लवकर गंजतो, पकड सैल होते. 2 किलोवॅटचा गिझर 230 व्होल्टवर सुमारे 8.7 अँपिअर घेतो. सांध्यात 0.1 ओहम रोध वाढला, तरी तेवढ्या जागेत साडेसात वॅट उष्णता तयार होते. आधी प्लास्टिक पिवळे पडते, मग वास येतो. एमसीबी (प्रवाह फार वाढला की वीज तोडणारा स्विच) पडत नाही, कारण प्रवाह वाढलेलाच नसतो! (गिझर 6 अँपिअरच्या सॉकेटवर चालवणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको.)

पुढील लेखात या कंपन्यांनी पितळ, स्प्रिंग आणि मुलामा यांत काय बदल केले, कुठे काटकसर केली, तेही यावे. वायरमनना विचारले तरी बरीच माहिती मिळेल.

– एक वाचक, वास्को