सगळेच ‘अपयशी’ कसे?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पाऊस अपयशी, पेरणी अपयशी, बोलणी अपयशी, मूत्रपिंड अपयशी. मराठी वर्तमानपत्रांतून हा एक शब्द आता कुठेही चिकटवला जातो. ‘यश’ म्हणजे मुळात कीर्ती आणि संस्कृतात ‘अपयश’ म्हणजे दुष्कीर्ती. म्हणून तो माणसाला लागू पडतो, किंवा ज्या यंत्रणेवर काम सोपवले होते तिला. पावसावर कोणी काही सोपवलेले नसते. पाऊस ओढ देतो, दडी मारतो, दगा देतो.

शेतीत तर काम नेमके कोणत्या टप्प्यावर फसले, त्याप्रमाणे शब्द बदलतो. बी पडले पण ओल न मिळाल्याने उगवलेच नाही, किंवा उगवून करपले, तर आपल्याकडे पेरणी ‘उलटली’ म्हणतात. दाणा भरला नाही तर तो पोचट. पीक उभे राहूनही हाती काही लागले नाही तर नापिकी. संत्र्याचे पाहा. मृग बहारासाठी, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर येणाऱ्या फुलोऱ्यासाठी, उन्हाळ्यात पाणी तोडून झाडांना ताण देतात. ताण चालू असतानाच अवकाळी पाऊस झाला की झाड फुलांऐवजी नवती, म्हणजे नवी पालवी, टाकते. हा बहार ‘फुटला नाही’. फुले आली, फळे धरली आणि मग खाली पडली, तर तो बहार ‘गळाला’. पहिल्याचे कारण ताणात शोधायचे, दुसऱ्याचे कीड, बुरशी, पाणी आणि अन्नद्रव्यांत. ‘संत्र्याचा बहार अपयशी’ या मथळ्यातून काटोल-नरखेडच्या वाचकाला यातले काहीच कळत नाही. ‘फोल’ हा शब्दही खळ्यातलाच आहे. फोल म्हणजे दाण्यावरचे टरफल. वरून भरल्यासारखे दिसले आणि आत काही निघाले नाही, ते फोल. म्हणून आशा फोल ठरते, आश्वासन फोल ठरते. पूल किंवा पंप फोल ठरत नाही.

माझा खरा आग्रह क्रियापदांबद्दल आहे. मराठीत एकाच घटनेला दोन रूपे मिळतात: बुडाले आणि बुडवले, वाया गेले आणि वाया घालवले, रखडले आणि रखडवले. पहिल्या रूपात करणारा दिसत नाही. ‘ठेवीदारांचे पैसे बुडाले’ असे लिहिणे चौकशी पूर्ण होईपर्यंत योग्यच आहे. पण दोष सिद्ध झाल्यावरही ‘बुडाले’च छापले जाते, तेव्हा त्या वाक्यातून गुन्हेगार निसटतो. तसेच ‘प्रशासनाला अपयश आले’ म्हटले की ताप यावा तसे ते बाहेरून आले असे वाटते. ‘प्रशासन अपयशी ठरले’ यात निवाडा आहे. बातमीदाराने ‘ठरले’ लिहावे, पण कशावरून ठरले ते पुढच्याच वाक्यात द्यावे.

हिवाळी अधिवेशनाच्या बातम्यांत तीन शब्द वेगळे ठेवले तरी पुरे. मतदान होऊन हरला तो ठराव फेटाळला गेला. मतदानापर्यंत पोहोचलाच नाही तो बारगळला. मुदत संपल्यामुळे गेले ते विधेयक व्यपगत झाले. 31 मार्चपर्यंत खर्च न झालेला निधीही व्यपगतच होतो.

1956 पर्यंत नागपूर ही हिंदी आणि मराठी दोन्ही बोलणाऱ्या जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होती, त्यामुळे हिंदी आपल्या कानात आहे आणि त्यात वाईट काही नाही. तरीही ‘हल्ला नाकाम’ हे मराठी नव्हे. मराठीत बॉम्ब निकामी करतात, हल्ला परतवून लावतात, डाव उधळतात. ‘असफलता’ही टाळता येईल. ‘विफल’ मात्र आपलाच शब्द आहे, आणि त्यापासून झालेले ‘वैफल्य’ मराठीने मनाच्या अवस्थेसाठी राखून ठेवले आहे, हे मला फार सुंदर वाटते.

‘वांझोटी चर्चा’ हा प्रयोग कृपया बंद करावा. मूल नसलेल्या बाईला ज्या शब्दाने आयुष्यभर टोचले जाते, तो एखाद्या बैठकीच्या बातमीत वापरण्याचे काही कारण नाही. ‘निष्फळ चर्चा’ने तेवढाच अर्थ पोहोचतो.

शेवटचा मुद्दा सर्वांत निकडीचा. ‘हार्ट फेल्युअर’चे भाषांतर ‘हृदय बंद पडणे’ असे छापले जाते. हार्ट फेल्युअरमध्ये हृदय चालूच असते, फक्त शरीराला लागेल तेवढे रक्त ढकलण्याची त्याची ताकद कमी पडते. औषधोपचारांवर असे रुग्ण अनेक वर्षे जगतात. हृदय बंद पडणे म्हणजे ‘कार्डिअ‍ॅक अरेस्ट’, आणि त्यात काही मिनिटांत उपचार लागतात. मूत्रपिंडाचेही तसेच: अचानक बिघडलेले मूत्रपिंड पुष्कळदा पुन्हा काम करू लागते, ‘निकामी’ म्हटल्यावर ती शक्यताच पुसली जाते. अशा बातम्यांत ‘हृदयाची क्षमता घटली’, ‘मूत्रपिंडाचे कार्य मंदावले’ किंवा ‘थांबले’ असे, डॉक्टरांना विचारून, स्पष्ट लिहावे. निदान एवढी दुरुस्ती लगेच व्हावी, ही विनंती.

आपला,
एक मुद्रितशोधक, नागपूर