बाबांची पहिली झोप

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, ऑपरेशनने बसवलेल्या नव्या गुडघ्याचे व्यायाम तुम्ही नेमाने करता, घोडं अडतंय ते रात्री. एकूण किती तास झोपलात हा हिशोब सध्या सोडा. गाढ झोप मुख्यतः रात्रीच्या पहिल्या तीन-चार तासांत लागते आणि शरीराची डागडुजी करणारं ग्रोथ हॉर्मोनही जास्त करून तेव्हाच स्रवतं. वयाने ही झोप आधीच कमी झालेली असते. तेवढे तास सलग मिळायला हवेत.

ती मोडते बहुतेक लघवीने. दिवसभर पाय खाली सोडून बसलं की पोटऱ्यांत पाणी साठतं. आडवं झालं की ते रक्तात परततं आणि मूत्रपिंडं कामाला लागतात. त्यामुळे पाणीच तोडणं हा उपाय नव्हे, इंदूरच्या उन्हाळ्यात तर मुळीच नव्हे. पाणी संध्याकाळी सहापर्यंत पिऊन घ्या, झोपण्याआधीचे दोन तास फक्त घोट-घोट. शिवाय चार वाजता तासभर पाय छातीपेक्षा उंच ठेवून पडा, पण डुलकी नको. ती दुपारी तीनच्या आत, अर्धा तास. उशी पोटरी-टाचेखाली, गुडघ्याखाली कधीच नाही. तिथे उशी घेतली की आराम वाटतो खरा, पण गुडघा वाकलेलाच आखडतो आणि पुढे पूर्ण सरळ होत नाही. एका पोटरीला सूज, दुखणं, ऊब जाणवली, तर ती रक्ताची गाठ असू शकते. सकाळची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा.

बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध असेल, तर ती सकाळी घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. वेळ आपल्या मनाने बदलू नका. दुखण्याच्या गोळीचंही तसंच: तिचा असर पहाटेपर्यंत टिकेल अशी वेळ त्यांच्याकडूनच ठरवून घ्या. झोपण्याआधी गुडघ्यावर पातळ कापडावरून पंधरा-वीस मिनिटं बर्फ. कुशीवर झोपताना दोन्ही पायांमध्ये गुडघ्यापासून घोट्यापर्यंत उशी.

आई, शेवटचा चहा तीनला. त्यातलं निम्मं कॅफिन पाच तासांनीही अंगात असतं. पाहुण्यांसोबत सराफ्यात, त्या रात्रीच्या खाऊबाजारात, खुशाल जा, पण बाबांना रात्री दहाला तिथलं तळलेलं-मसालेदार खाणं नको; भरल्या पोटी आडवं झालं की आम्ल वर येतं. सकाळच्या पोह्यांत प्रोटीन जेमतेम, सोबत पन्नास ग्रॅम पनीर दे. आणि साडेआठलाच दिवे मालवू नका, तीनला जाग येणारच. दहाला झोपा, सहाला उठा, उठल्यावर वीस मिनिटं गॅलरीत उजेडात बसा.

दुकानातून झोपेची गोळी आणू नका, ही माझी कळकळीची विनंती. तिच्या गुंगीत बाथरूमला जाताना तोल जातो. वाटेत मंद पिवळा दिवा लावून ठेवा.

आई, बाबा घोरताना मध्येच श्वास थांबतो का, ते दोन रात्री बघ. थांबत असेल तर मोबाईलवर रेकॉर्ड करून मला पाठव, डॉक्टरांना दाखवून स्लीप स्टडीचं, म्हणजे रात्रभराच्या झोपेच्या तपासणीचं विचारू.

तुमची,
लेक