सुभेदारकाकांना, नाव न घेता

आदरणीय सुभेदारकाका,
सा. न. वि. वि.

‘माझं नाव कुठं घातलंस तर दारात उभी करणार नाही’ असा दम तुम्ही भरलाय, म्हणून नाव घालत नाही. कसबा बावड्यात ज्यांना ओळखायचं ते ओळखतीलच. पण यांची अपंगत्व पेन्शन मिळवून दिलीत, त्याचे आभार चारचौघांतच मानणार. कानात सल्ला देणारे आम्हाला पुष्कळ भेटले होते. त्यातल्या एकानं तर थकबाकीतला आपला वाटा आधीच ठरवून ठेवला होता.

आमचे हे १९९५ ला फौजेत भरती झाले आणि २०१९ ला हवालदार म्हणून घरी आले, ते बीपीच्या गोळ्या घेऊनच. निवृत्तीच्या मेडिकल बोर्डानं अपंगत्व लिहिलं ३० टक्के, तेही कायमचं. त्याच कागदावर खाली लिहिलं ‘नाना’. आमच्या घरात नाना म्हणजे थोरले दीर. फौजेच्या कागदावरचा नाना वेगळा: आजार नोकरीमुळं झालेला नाही, नोकरीनं वाढलेलाही नाही, या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची पहिली अक्षरं. अपंगत्व पेन्शनला निदान २० टक्के लागतात, ते तर होते. अडवलं ते या नानानं.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या रांगेत तुम्ही माझ्या हातातला अपिलाचा अर्ज मागून घेतलात, तो दिवस आठवतो. त्यात मी सगळं लिहिलं होतं. दोन पोरांची शिक्षणं, घराचं कर्ज, सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. तुम्ही शेवटपर्यंत वाचलात, घडी घालून परत दिलात आणि म्हणालात, “पोरी, हे सगळं खरं आहे, पण ह्यातलं काहीच त्यांनी विचारलेलं नाही.” मला रागच आला होता. मग तुम्ही समजावलंत, की अपील ऐकणारी कमिटी माणसाला समोर बोलवत नाही, नाडी बघत नाही. ती बघते फक्त कागद. आणि प्रश्न एकच असतो. बोर्डानं ‘नाही’ म्हणताना जे कारण दिलं, ते टिकतं की नाही?

त्यानंतरच्या तीन संध्याकाळी तुमच्या सोप्यात गेल्या. आधी बोर्डाच्या कागदांची पूर्ण प्रत मागवायला लावलीत. मग काकूंच्या हिशेबाच्या वहीत पट्टीनं रेघा मारून यांच्या चोवीस वर्षांच्या बदल्या उतरवल्यात: कुठं, कधीपासून, कधीपर्यंत, फील्ड की पीस, म्हणजे सीमेकडं की शांततेतल्या छावणीत. यांना तारखा आठवेनात तेव्हा ‘थोरला कधी जन्मला, तेव्हा कुठं होतास?’ असं विचारून काढून घेतल्यात. बोर्डाचं कारण एका ओळीचं होतं, आजार पीस स्टेशनवर सुरू झाला. तुम्ही वहीवर बोट ठेवलंत. बर्फातली पोस्टिंग संपवून हे खाली उतरले त्याला तेव्हा पाचच महिने झाले होते. “पीस स्टेशन म्हणजे काय सासुरवाडी आहे होय?” हे तुमचं वाक्य आमच्या घरात अजून चालतं.

धरमवीर सिंग यांचा निकालही तुमच्याकडूनच कळला. सिग्नल कोरचे जवान, १९८५ ला भरती, फिटचा आजार म्हणून १९९४ ला घरी पाठवले, आणि सुप्रीम कोर्टाचा निकाल आला २०१३ ला. भरतीच्या वेळी डॉक्टरनं आजाराची नोंद केली नसेल, तर तो आजार नोकरीतच लागला असं धरायचं; तसं नाही म्हणणाऱ्यानं कारण द्यायचं, जवानानं सिद्ध करत बसायचं नाही. यांच्या भरतीच्या कागदावर तर ठणठणीत असल्याचा शिक्का होता.

तरी पहिलं अपील फेटाळलं गेलं. दुसरंही. दोन्ही पत्रं जुळ्या भावांसारखी. मी रडत आले आणि तुम्ही चष्मा पुसत खूश! “बघ, बदल्यांच्या तक्त्याला उत्तरच दिलेलं नाही. हेच पुढं चालतंय.” पुढं म्हणजे सशस्त्र सेना न्यायाधिकरण, सगळे एएफटी म्हणतात ते. २००७ च्या कायद्यानं झालेलं, आमच्यासाठी मुंबईत. अर्जाला मुदत ६ महिने, आणि उशीर केला तर थकबाकी साधारण अर्जामागच्या ३ वर्षांचीच, म्हणून तुम्ही आमच्या मागं हात धुऊन लागलात. (ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं तेव्हा शेजारच्यांनी पेढे देत ‘आता तुमची मुंबई वाचली’ म्हटलं. हा अर्ज तिथं चालत नाही हे सांगितलं, पण पेढे खाल्ले.)

महालक्ष्मी एक्सप्रेसच्या किती फेऱ्या झाल्या ते मोजलं नाही. एएफटीच्या बाकावर दोघं बसतात, एक न्यायाधीश, दुसरे फौजेतले निवृत्त मोठे अधिकारी. वकिलांनी बदल्यांचा तक्ता पुढं ठेवला. त्या दुसऱ्या साहेबांनी बर्फातल्या पोस्टिंगच्या ओळीवर बराच वेळ नजर ठेवली, एवढं मला मागच्या खुर्चीवरून दिसलं.

निकाल आमच्या बाजूनं लागला. ३० टक्के धरले गेले ५० टक्के. ५० च्या आतलं अपंगत्व ५० धरायचं, हा फायदा मुदत संपवून घरी आलेल्यांनाही द्यायचा, हे राम अवतार यांच्या खटल्यात १० डिसेंबर २०१४ ला ठरलंय, हेही तुमचंच. १०० टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के मिळतात, म्हणून आम्हाला १५. नुसत्या तिसावर ९ च मिळाले असते. हा हिशेब तुम्ही यांच्याकडून तीनदा करून घेतलात, त्यांचं गणित कच्चं म्हणून.

तुम्ही पैसे घेतले नाहीत, साडीचोळीही काकूंना घेऊ दिली नाहीत. म्हणून हे पत्र.

एक कबुली द्यायची आहे. चंदगडकडचे एक फौजी यांना एसटीत भेटले, त्यांच्या कागदावरही नाना आहे. ते २०२४ ला फौजेतून सुटलेत, म्हणजे त्यांना सप्टेंबर २०२३ चे नवे नियम लागणार, आमचा मसुदा जसाच्या तसा चालायचा नाही, एवढं मी त्यांना सांगितलं. आणि तुमचा पत्ता दिला. ते रविवारी येतील. काकूंची वही मी शनिवारीच आणून देते. मागची बारा पानं अजून कोरी आहेत.

तुमची,
बावड्यातली पोरगी