अकरा वाजताची गाडी

शरणपूर, नाशिक
रविवार, संध्याकाळ

प्रिय बाळ,

प्रभू येशूच्या नावात तुला सलाम.

परवा फोनवर तू इतकं मोकळं बोललीस आणि मी नुसतं "हं, हं" करत राहिलो. फोन ठेवल्यावर मम्मी रागावली माझ्यावर. मला अशा गोष्टी तोंडाने बोलता येत नाहीत, म्हणून लिहायला बसलो.

तू म्हणालीस, "पप्पा, सलग नाइट ड्युटी लागली की प्रार्थना राहते, वचन वाचायचं राहतं. मग सुट्टीच्या दिवशी सगळं भरून काढते. तरी मन कोरडंच. देव माझ्यावर रुसलाय असं वाटतं." त्यातलं 'भरून काढते' मला टोचलं, कारण हा हिशेब तू माझ्याकडून शिकलीस. लहानपणी संडे स्कूल बुडवलंस की मी दिवसभर तुझ्याशी बोलायचो नाही. देव रुसतो, असं तुला शास्त्राने कुठे शिकवलं? ते मी शिकवलं. त्याबद्दल मला माफ कर.

एसटीत असताना मी काही वर्षं हरसूलची मुक्कामी गाडी केली, तुला आठवत असेल. पहाटे हरसूलहून सुटलो की वाघेऱ्यापर्यंत गाडी मजुरांनी खच्चून भरायची. सगळे गिरणाऱ्याला उतरणारे. ऑक्टोबरात द्राक्षाची छाटणी सुरू झाली की गिरणाऱ्याच्या नाक्यावर उजाडताच जत्रेसारखी गर्दी. बागायतदार पिकअप घेऊन येणार, उभ्या-उभ्या रोज ठरणार, "चार बाया, तीन गडी, चला" की गाडी भरली. कोणाच्या हातात कात्री, कोणाच्या काखेत फडक्यात बांधलेली नागलीची भाकरी.

नाशिकहून माझी परतीची ट्रिप गिरणाऱ्याला अकराच्या सुमारास पोचायची. ज्यांना कोणी नेलं नाही ते तेव्हा गाडीत चढायचे. सकाळी कलकलाट करणारी तीच माणसं, पण आता गाडीत आवाज फक्त इंजिनाचा. एक म्हातारा अजून डोळ्यांपुढे आहे. त्याने बंडीच्या खिशातली सगळी नाणी तळहातावर घेतली, बोटाने एकेक सरकवत तिकिटापुरती मोजून माझ्या हातावर ठेवली. उरलेली दोन नाणी किती तरी वेळ मुठीत धरून बसला होता. भाकरीच्या फडक्याची गाठ सकाळी होती तशीच. भूक लागली नसेल असं नाही. काम झालं नाही, मग भाकरीला हात कसा लावायचा, असं त्याला वाटत असावं.

त्या म्हाताऱ्यामुळे मला मत्तयाच्या विसाव्या अध्यायातला द्राक्षमळ्याचा दाखला कळला. मालक पहाटे मजूर ठरवतो, मग नऊला जातो, बाराला, तीनला, आणि शेवटी पाचला. नाक्यावर उभ्या असलेल्यांना विचारतो, "दिवसभर इथे रिकामे का?" ते म्हणतात, "आम्हांला कोणी कामावर लावलं नाही." पाचला आलेले ते मजूर मला आधी आळशी वाटायचे. गिरणाऱ्याचा नाका पाहिल्यावर वाटेनात. मळ्यात दिवसभर राबण्यापेक्षा नाक्यावर दिवसभर ताटकळणं जड असतं गं. घरी चूल त्याच दिवसाच्या रोजावर पेटायची. मोशेच्या नियमशास्त्रातही म्हणून तर सांगितलंय की मजुराची मजुरी सूर्य मावळायच्या आत द्या, तो गरीब आहे, त्याचा जीव तिच्यावर लागलेला असतो. आणि हा मालक तासाभराच्या कामाला अख्ख्या दिवसाचा रोज हातावर ठेवतो! त्या संध्याकाळी तो मजूर घरी कसा गेला असेल याचा विचार करून बघ. चालत गेला नसेल, पळत गेला असेल.

पण मी तो दाखला वाचायचो तो पहाटेच्या मजुराच्या बाजूने, कुरकुर करणाऱ्यांच्या. तुझ्या काकांनी ते माझ्या पदरात घातलं.

काकांचं पिणं, आजीच्या पाटल्या विकणं, हे तुला माहीत आहे, पुन्हा लिहीत नाही. अठ्ठावन्नाव्या वर्षी, लिव्हर संपत आल्यावर, ते एका रविवारी येऊन मंडळीत शेवटच्या बाकावर बसले. महिनाभराने पाळकसाहेबांनी त्यांना प्रभुभोजनाला घेतलं. मी तेव्हा बावीस वर्षं मंडळीचा खजिनदार होतो. मनात आलं, आमचं सगळं आयुष्य इथे झिजलं आणि हा शेवटच्या तासाला आला तर त्यालाही तेवढंच? खरं सांगतो, त्या दिवशी मला उपासनेतून उठून जावंसं वाटलं होतं.

वेदीच्या कठड्यापाशी आम्ही शेजारी-शेजारी गुडघे टेकले. भाकर घ्यायला उजवा तळहात डाव्यावर ठेवून मी हात पुढे केले, त्यांनीही केले. त्यांचे थरथरत होते, नखं पिवळी पडलेली. माझे स्वच्छ, साबणाने धुतलेले. आणि त्या चार तळहातांकडे बघता-बघता लक्षात आलं, रिकामे तर चारही आहेत. माझ्या हातात बावीस वर्षांचं रजिस्टर नव्हतं. मला एकदम अकरा वाजताची गाडी आठवली. त्या गाडीत इतकी वर्षं मी स्वतःला कंडक्टर समजत होतो. होतो पॅसेंजर.

बाळ, त्या दिवशी मी कठड्यापाशी रडलो, पण ते दुःखाचं रडणं नव्हतं. छातीवरून पोतं उतरावं तसं झालं. पाळकसाहेब सांगतात, ग्रीक भाषेत कृपेला 'खारिस' म्हणतात आणि आनंदाला 'खारा', दोन्ही एकाच धातूचे. मला ग्रीक येत नाही, पण त्या कठड्यापाशी ते खरं निघालं. तोवर माझ्याजवळ कर्तव्य होतं, शिस्त होती, आनंद मात्र नव्हता. कमावलेल्या रोजाचा माणूस हिशेब करतो. गाणं सुचतं ते फुकट मिळालेल्याचं.

तू विचारशील, मग प्रार्थना, वचन, सेवा सोडूनच द्यायची का? आपलं शरणपूर आठव. दीडशे वर्षांपूर्वी इंग्रज आरमाराने समुद्रात अडवलेल्या गुलामांच्या गलबतांतून सोडवलेली आफ्रिकन मुलं इथल्या मिशनमध्ये आणून वाढवली गेली. ती इथे शिकली, हातचे धंदे शिकली. त्यांच्यातलाच जेकब वेनराइट. आफ्रिकेत वारलेल्या मिशनरी-प्रवासी लिव्हिंग्स्टनचं शव तिथल्या आतल्या भागातून समुद्रापर्यंत वाहून आणणाऱ्यांत तो होता, आणि १८७४ साली लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या दफनालाही हजर होता. काय निष्ठा! पण क्रम बघ. चांगलं शिकाल तर सोडवू, असं त्या मुलांना कोणी सांगितलं नव्हतं. आधी बेड्या तुटल्या, मग शाळा. प्रार्थना तशीच कर, सुटलेल्या माणसासारखी.

पौलाने फिलिप्पैकरांना "प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा" असं लिहिलं तेव्हा तो कैदेत होता. त्याला काही सगळं सुरळीत चाललंय म्हणून आनंद झाला नव्हता. म्हणून तुझ्या नाइट ड्युटीचंही मला फार भय वाटत नाही. रात्री तीनला पेशंटचं सलाईन बदलताना "प्रभू, तू आहेस" एवढं म्हटलंस तरी पुष्कळ झालं. आणि तेही राहिलं तर सकाळी खोलीवर जाऊन गाढ झोप. उठल्यावर राहिलेलं भरून काढायला बसू नकोस. आधी चहा पी.

जाण्याआधी दोन महिने काका रोज संध्याकाळी आपल्या ओट्यावर भजन म्हणायचे. आवाज पार गेलेला, सूर कुठल्या कुठे, पण चेहरा असा की शेजारच्या आजी मुद्दाम खुर्ची घेऊन यायच्या. एक दिवस मी ते मोबाइलवर घेऊन ठेवलं होतं, काल सापडलं. तुला पाठवतोय. मध्ये त्यांना खोकल्याची मोठी उबळ येते, तिथे बंद करू नकोस. उबळ थांबल्यावर ते हसतात आणि तीच ओळ पुन्हा पहिल्यापासून धरतात.

तुझा,
पप्पा